पद्मिनीतली ओल

जुन्या गाडीत पाणी शिरलंय हे आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना आणि सगळ्यात शेवटी पायांना. दार उघडलं की भिजक्या गोणपाटाचा, सीटमधल्या काथ्याचा आणि थोडा गंजाचा असा मिश्र वास अंगावर येतो. मग काचा आतून धुरकटायला लागतात. बाहेर उघडीप असली तरी एका हातात फडकं धरूनच गाडी चालवावी लागते. आणि एके सकाळी क्लच दाबताना मॅटवर चप्पल पचकन वाजते. मॅटखाली नमदा, नमद्याखाली पत्रा. नमद्याने प्यायचं तेवढं पाणी तोवर पिऊन घेतलेलं असतं आणि पत्र्याला गंज धरायला केव्हाच सुरुवात झालेली असते. मॅटवर दिसतं ते नमद्याला न मावलेलं पाणी.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ओल कुठे नसते? कपाटात असते, गाद्यांत असते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत असते, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यातसुद्धा असते. त्यामुळे गाडीतल्या ओलीचं इथे कुणाला फारसं काही वाटत नाही. "पावसाळ्यात असंच असतं," हे सगळ्या तक्रारींवरचं आमचं ठरलेलं उत्तर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावाने दुसरं म्हणावं तरी काय? पण ओल हवेतून येते, तिला पत्ता नसतो. गळतीला असतो. ती एका विशिष्ट ठिकाणाहून सुरू होते, आणि चिकाटी धरली तर ते ठिकाण सापडतं. मला ते शोधायचं होतं.

आमची पद्मिनी १९७८ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती घेतली तेव्हा गाडी ही दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हिचं कुळ तसं लांबचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला, पण गाडी मुळात इटलीची, फियाट ११००. दांते जाकोझा या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९५३ साली तिचा नवा अवतार आला तो बिनचासीचा. त्याआधीच्या फियाट ११०० ला खाली लोखंडी चासी असे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. हिच्यात बॉडी हीच चासी. आपल्याकडे ती गोलमटोल गाडी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, मग काही काळ 'प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाची 'पद्मिनी'. नावं बदलत गेली, जाळी आणि दिवे बदलत गेले, आतली पत्र्याची शिवण बरीचशी तीच राहिली.

हा इतिहास अगदीच अवांतर नाही. बॉडी हीच चासी असलेल्या गाडीत पाणी मुरलं की नुसता पत्रा सडत नाही, कणा सडतो. शिवाय ही गाडी ज्या तुरिन शहरात कागदावर उतरली तिथे वर्षभरात साधारण हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. तेवढा आमच्याकडे जुलै महिना एकटा पाडू शकतो. तिच्या दाराखिडक्यांनी कोकणात जे सोसलं ते इटलीत कुणाच्या डोक्यातही आलं नसणार.

गाडीत पाणी येतंय म्हटलं की गावात प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं, आणि ते बहुतेक एकच असतं: पुढच्या काचेचं रबर गेलंय. शेजारचे काका म्हणाले, पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, लग्नात भेटलेला दूरचा भाचा म्हणाला. घरातल्यांनी तर नव्या रबरासाठी फोनही सुरू केले. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसकडे विचारायचं, मिळालं तर कुरिअरने मागवायचं, असा बेत शिजला. रबरावर संशय जाणं साहजिक आहे, कारण ते डोळ्यांसमोर असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने ते कडक होतं, आक्रसतं, ताण असेल तिथे त्याला बारीक चिरा पडतात. आमच्याही काचेच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर रबर दबत नव्हतं, नखही उमटत नव्हतं इतकं ते टणक झालं होतं. पण म्हातारं रबर गळतंच असं नाही. कितीतरी टणक रबरं अजून काचेला घट्ट धरून आहेत, आणि कितीतरी नवी, कोपऱ्यात सुरकुती ठेवून घाईने बसवलेली, पहिल्याच पावसात ठिबकायला लागली आहेत.

नवं रबर बसवणं हेही कसबाचं काम. रबर आधी काचेभोवती चढवतात, त्याच्या खाचेत सगळीकडून एक दोरी घालून तिची दोन्ही टोकं मध्यभागी एकमेकांवर आणून मोकळी सोडतात, मग काच बाहेरून टेकवून एक माणूस तळहाताने दाबत राहतो आणि दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढतो. दोरी जशी निघते तशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर उलटून आत येते. बघायला फार सुंदर. पण ते करायची वेळ आहे की नाही, हे आधी कळायला हवं.

आमचे मिस्त्री पद्मिनीवर हात बसलेले जुने गृहस्थ. त्यांनी काचेकडे पाहिलंच नाही.

"वहिनी, घरी गाडी कशी उभी करता?"

"अंगणात. तोंड रस्त्याकडे."

"आणि अंगणाला उतार?"

"तोही रस्त्याकडेच."

"मग थोडे दिवस उलटी उभी करा. मॅटी काढून ठेवा. मग या."

गाडी उलटी उभी केली आणि पेडलपाशी साचणारं पाणी मागच्या सीटच्या पायाशी साचायला लागलं. मिस्त्रींना तेवढंच बघायचं होतं. पाणी साचतंय ती जागा आणि शिरतंय ती जागा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे उताराने सांगून टाकलं. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फुटकं कौल एकीकडे असतं. पाणी रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीच्या कडेला असं फिरत फिरत भलतीकडेच टपकतं. शिडी लावणारा जाणता माणूस खालच्या बादलीच्या नेमकं वरचं कौल कधी हलवत नाही.

गाडीत तर हे प्रकरण वाशांपेक्षा गुंतागुंतीचं. पत्रा शेकडो ठिकाणी दुमडलेला, दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग केलेलं. दोन ठिपक्यांच्या मधे केसाएवढी फट राहते, ती सीलरने भरतात. सीलर पन्नास वर्षांनी कोरडा पडून तडकला की त्या फटीत पाणी नुसतं उतरत नाही, वरही चढतं. फट जितकी अरुंद तितकं ते जास्त ओढलं जातं. आणि एकदा आत आलं की त्याला फिरायला काय कमी? वायरींची जुडी आहे, केबल आहेत, पत्र्याच्या घड्या आहेत. आत शिरलेलं पाणी सरळ खाली पडलं असं क्वचितच होतं.

एक सोपी गोष्ट मात्र आधी उरकून घ्यावी. आत आलेलं पाणी पावसाचंच आहे ना? हिटर असलेल्या गाडीत त्याची नळी फुटली तर कूलंट पायाशी येतं. ते चिकट असतं आणि त्याला गोडसर वास येतो. काही मिस्त्री जिभेला लावून बघतात. तुम्ही लावू नका, ते विषारी असतं. आमच्या गाडीला हिटर नाही. रत्नागिरीत हिटरचं काय काम?

आता शोधाची रीत. पहिली अट, गाडी आतून कोरडीठाक हवी. पुढचं सलग बाकडं सोडवून बाहेर काढलं, मागची गादी उचलली, दारांचे रेक्झिनचे पुठ्ठे उतरवले, नमदा उन्हात टाकला. तो वाळायला इतके दिवस लागले की मधे श्रावण लागला आणि आमच्या गडग्यावर गाडीचा नमदा आणि घरातल्या गोधड्या शेजारी शेजारी पडून राहिल्या. मग उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीत थेंबाची वाट ठसठशीत उमटते. मिस्त्री पावडरीऐवजी वर्तमानपत्र अंथरतात. त्यांच्या मते आधी कुठलं पान भिजलं हे कळलं की निम्मं काम झालं.

दुसरी अट, पाणी खालून वर मारत जायचं. पाइप थेट टपावर धरला तर ओघळ सगळ्या फटींवरून जातो आणि आत पाणी आलं तरी ते कुणाचं हे कळत नाही. म्हणून आधी दाराखालचा उंबरा, मग दाराचा तळ, मग काचेची खालची कड, मग काचेच्या बाजू, मग दारावरची पन्हळ आणि शेवटी टप. एकेका जागी चांगला वेळ द्यायचा. नळ मंद ठेवायचा, पाइपच्या तोंडाला बोट लावायचं नाही. गाड्या धुण्याचं ते जोरकस मशीन तर मुळीच आणायचं नाही. त्याचा फवारा धडधाकट रबरातूनही घुसतो आणि नसलेली गळती दाखवतो.

पाइप धरायला पुतण्या बाहेर, मी आत. घरातल्या पुरुषांपैकी एकाचेही खांदे स्टिअरिंगखाली मावत नव्हते हे एक कारण, आणि मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं हे दुसरं. पाठीखाली गार पत्रा, कपाळाशी ब्रेकचं पेडल, हातात टॉर्च. गाडीचं हे अंग मी कधी पाहिलंच नव्हतं. कापडी टेप गुंडाळलेल्या वायरी, वायपरच्या दांड्या, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला पाडलेली भोकं: एक स्टिअरिंगच्या दांड्यासाठी, एक स्पीडोमीटरच्या केबलसाठी, एक वायरींसाठी. प्रत्येक भोकाला रबराचं कडं आणि त्यातल्या निम्म्यांचा हाताने चुरा होईल अशी अवस्था.

"काकू, आता काच धरू?"

"धर. खालच्या कडेला. आणि हलवू नको."

खूप वेळ काहीच झालं नाही. ज्या रबराला सगळ्या गावाने दोषी ठरवलं होतं ते मुकाट्याने पाणी अडवत होतं. मग डावीकडच्या वायपरच्या दांडीशी, नटाच्या बरोबर खाली, एक थेंब जमला. फुगला. मला वाटलं आता कपाळावर पडणार. पण तो पडलाच नाही. नटावरून वायरींच्या जुडीवर उतरला आणि तिच्या पोटाला चिकटून डावीकडे सरकायला लागला. टेपची कड आली तिथे अडला. मागून दुसरा येऊन त्याला मिळाला, मग दोघे मिळून पुढे गेले. जुडी जिथे खाली वाकते तिथपर्यंत जाऊन, तिथून सुटून, त्याने पावडरीत पहिला ठिपका पाडला. शिरला तिथून हातभर लांब. टॉर्च विझवायचंही भान राहिलं नाही.

वायपरच्या दांडीखालचा रबरी वायसर बदलायला मिस्त्रींना चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. पण ते पाणी फार थोडं होतं. "ह्याने नमदा भिजत नाही वहिनी," ते म्हणाले. "नमदा भिजवणारं दुसरं असणार. दार बघा."

दाराची हकीकत जरा नीट सांगायला हवी. जुन्या गाडीच्या दारात पाणी शिरतं आणि ते शिरणार हे गृहीतच असतं. काच दारात उतरते तिथे फट ठेवावीच लागते. बाहेरच्या अंगाला रबराची किंवा फेल्टची पट्टी असते, पण ती फक्त पाणी निपटते. उरलेलं पाणी काचेला धरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाला ठेवलेल्या भोकांमधून रस्त्यावर पडतं. दाराच्या आतल्या पत्र्याला ठिकठिकाणी मोठाली खिंडारं असतात, काच फिरवायची यंत्रणा बसवायला. त्यांच्यावर मेणकागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, म्हणजे उडालेले शिंतोडे पुठ्ठ्यावर न जाता पुन्हा पोटात जावेत. कारखान्यातल्या माणसाने पाण्याशी भांडण मांडलेलंच नव्हतं. त्याने त्याला जायला वाट करून दिली होती.

आमच्या दारात ती वाट उरली नव्हती. पडदा कधीतरी कॅसेट प्लेअरचे स्पीकर बसवताना कुणीतरी फाडून काढला होता. ते काम करणाऱ्याला तो कागद म्हणजे कारखान्यातली बांधाबांध वाटली असणार. आणि भोकं? भोकं कुठे दिसतच नव्हती. मी दाराच्या तळाला बोट फिरवत गेले, सगळीकडे गुळगुळीत काळं.

अण्णांची एक डायरी आहे. पेट्रोल, ऑइल, टायरची अदलाबदल, बॅटरीचं पाणी, सगळं बारीक अक्षरात, तारीखवार. दर मे महिन्याच्या शेवटी त्यात एक ओळ असते: 'खालून डांबर मारून घेतले.' खाऱ्या हवेत पत्रा टिकावा म्हणून कोकणात सगळेच मारून घेत. अण्णा तर असल्या बाबतीत फारच काटेकोर. एक वर्ष चुकलेलं नाही. फवारा मारणाऱ्या पोराला दारांच्या तळातली भोकं काय ठाऊक? दिसेल तो पत्रा काळा करायचा एवढंच त्याला सांगितलेलं. वर्षावर वर्ष, थरावर थर, आणि पाण्याची दारं हळूहळू पक्की बंद. गाडीवर जिवापाड माया केली ती भोकांवर बसली.

मिस्त्रींनी सायकलचा स्पोक मागितला. डांबर पुढे मऊ होतं, मागे दगड. स्पोक बराच वेळ नुसता वाकत राहिला, आणि मग एकदम आत गेला. आधी डांबराचा गोळा निघाला, त्याच्या मागे कुजलेल्या पानांचा चोथा, आणि मग तांबूस गढूळ पाणी. ते थांबेचना. बाहेर पाऊस नव्हता, पाइपही बंद केला होता. म्हणजे ते पाणी मागच्या कुठल्या तरी पावसाचं, दारात साठून राहिलेलं. जुन्या गाडीत बसल्यावर वळणावर दारातून खळखळ ऐकू आली तर ती याच पाण्याची असते. पोट काठोकाठ भरलं की ते आतल्या पत्र्याच्या खिंडारातून उंबऱ्यावरून मॅटखाली सांडतं. ब्रेक मारला की पुढे, गाडी सुटली की मागे. मॅटवर त्याचा उगम सापडणं शक्यच नव्हतं.

चारही दारांचं तेच. भोकं मोकळी केली, जाड प्लास्टिकचे नवे पडदे कापून चिकटवले. पडद्याची खालची कड मात्र चिकटवून टाकायची नाही, ती दाराच्या पोटात सोडायची. नाहीतर पुन्हा तेच.

तरीही मागच्या डाव्या कोपऱ्यात किंचित ओल राहिली, आणि तिने जास्त दमवलं. टपाच्या दोन्ही कडांना दारांवरून जी पन्हळ जाते तिच्या जोडावर कॅरिअरचे पाय टेकतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवा. टपावर कॅरिअर आणि त्यावर ट्रंका, वळकट्या, क्वचित सायकलसुद्धा. ते सगळं वजन या बोटभर रुंदीच्या दुमडीवर डुलायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे. आमच्या गाडीच्या टपावर ट्रंका नव्हत्या, आंब्याच्या पेट्या होत्या. दर मे महिन्यात आंबा घाट चढून कोल्हापूरकडे नातेवाइकांना पेट्या पोचवायच्या. प्रत्येक वळणाला कॅरिअर कलायचं आणि पन्हळीतला सीलर एकेक केसाने सुटत जायचा.

इथून शिरलेलं पाणी सगळ्यात लबाड. ते टपाच्या आतल्या रेक्झिनमागून दाराच्या खांबात उतरतं आणि खांबातून थेट उंबऱ्याच्या पोकळीत. ना मॅट भिजते, ना वास येतो. उंबरा म्हणजे चारही बाजूंनी बंद पेटी. तिच्यात पाणी, हवा आणि वर समुद्राचं मीठ. बाहेरून रंग शाबूत आणि आतून चाळण. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा खातो, त्यामुळे तो जोड फाकवत जातो, फट मोठी करतो आणि स्वतःसाठी जास्त पाणी आणवतो. डेंटरने उंबऱ्यावर टिचकी मारली की आवाजावरून सांगता येतं. आमच्या डाव्या उंबऱ्याचा मागचा वीतभर भाग बद्द वाजला. तिथला पत्रा कापून नवा जोडावा लागला. सडक्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारून देणारेही असतात. लांबी म्हणजे पत्रा नव्हे. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ असते. पन्हळ पार खरवडली, गंज काढला, सीलर ओढला आणि कॅरिअर उतरवून माळ्यावर टाकलं. आंब्याच्या पेट्या आता टेम्पोने जातात.

आता सिलिकॉनविषयी, कारण न बोलून राहवत नाही. गळती दिसली की ट्यूब आणून पिचकारी मारायची ही आपल्याकडची आवडती रीत. बाथरूमच्या टाइल्सना ती ठीक असेल. गाडीला ती वैरी. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा जो आंबूस वास येतो तो ॲसिडचा, आणि ते ॲसिड पत्र्याला लागतं. त्याच्यावर पुढे रंग धरत नाही. रंगारी कितीही घासो, तिथे डोळे पडतात. आणि मुख्य म्हणजे पिचकारी मारली जाते ती पाणी दिसतं त्या ठिकाणी, म्हणजे पाण्याच्या बाहेर पडायच्या वाटेवर. पाणी येतच राहतं, फक्त आत अडकतं. एम-सील, डांबर, कागदी चिकटपट्टी, हे सगळे याच घराण्यातले. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून पावसाळाभर ठेवणारेही याच पंक्तीत. कव्हराखाली गाडी घामेजते आणि गंजाला पाहिजे तो उबारा मिळतो. पत्र्याची शेड चांगली, झाडाखालची उघडी जागा बरी, कव्हर वाईट.

काही गळत्या उभ्या गाडीत सापडतच नाहीत. गाडी वेगात असली की पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि तिथलं पाणी खाली ओघळायचं सोडून वर चढायला, फटीत घुसायला लागतं. जुलैत आंबा घाटात धुकं, समोरून वारा आणि आडवा पाऊस असा योग आला की पुढच्या दाराच्या छोट्या तिकोनी काचेच्या खुंटीतून पाण्याचे बारीक मणी आत येतात. अंगणात कितीही पाइप मारा, ते येत नाहीत. मिस्त्रींनी एकदा रबर फिरवून पाहिलं, एकदा खुंटी घट्ट केली. डावीकडून वारा असेल तर अजूनही येतं, शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर. ते मी तसंच ठेवलंय. त्या खुंटीचं रबर मिळवायचं तर दुसऱ्या पद्मिनीचं दार मोडावं लागेल, आणि पडलेलं पाणी मॅटवर दिसतं, पुसता येतं. लपून राहणारं पाणी तेवढं मला नको.

गाडी पूर्ण वाळवायला मात्र घाई करू नये. बाकडं, गाद्या, नमदा लगेच परत टाकायचा मोह होतो. दोन-तीन दमदार पाऊस बघितल्याशिवाय टाकू नयेत. तोवर उघड्या पत्र्यावर पाय ठेवून, स्टुलावर बसल्यासारखं वाटलं तरी, तसंच चालवावं. आवाज फार येतो. पण रोज संध्याकाळी पत्र्यावरून हात फिरवला की उत्तर मिळतं. काचेचं रबर? ते अजून जुनंच आहे, टणक आणि कोरडं.

मे संपायच्या आत एवढं करा. गाडी जुनी असो, कुठल्याही कंपनीची असो, चारही दारांच्या तळाला खालून बोट फिरवून बघा. तिथे भोकं असतातच. सापडली नाहीत तर ती बुजली आहेत. सायकलचा जुना स्पोक घ्या, टोक घासून बोथट करा आणि हलक्या हाताने सरळ वर घाला. बाही आधी दुमडून ठेवा, कारण येणारं पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत जातं. काचेच्या रबराचं नंतर बघू.